आधी रेघ, मग अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटायचं नाही.

शाळा माझी दुसरीपर्यंत झाली. तिसरीत नाव होतं, पण पोळ्यानंतर मी गेलो नाही आणि बोलवायलाही कुणी आलं नाही. तरी गावात पत्रं लिहिणारा मी एकटाच होतो. आमचं गाव हदगावच्या पुढं, आतल्या बाजूला. लेकी लांब दिलेल्या, एकदोन पोरं पलटणीत गेलेली. त्यांची आईबापं माझ्याकडं यायची, मी मांडी घालून लिहायचो. एकही पत्र परत आलं नाही. ज्याची पत्रं पोचतात त्याला लिहिता येतं, असं माझं मत होतं, आणि सत्तरी ओलांडेपर्यंत ते बदलायची वेळ आली नाही.

गेल्या वर्षी गुडघे गेले. मुलानं शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं, लावलं आणि मला लातूरला आणलं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, सून एका कॉलेजच्या ऑफिसात. घरात मला एकच काम होतं. गॅसची टाकी आली की दार उघडायचं. टाकी दीड महिन्यातून एकदा येते.

श्रावणात एका संध्याकाळी नातीची मराठीची वही जेवणाच्या टेबलावर आली. नात तिसरीत. वहीवर लाल शाईत शेरा होता : अक्षर सुधारावे. विरामचिन्हे नाहीत. पालकांनी लक्ष द्यावे.

मुलगा म्हणाला, "मोबाइलवर ॲप असतंय त्याचं."

"मोबाइल देऊनच हे झालंय," सून म्हणाली. "मागच्या गल्लीत मॅडम शिकवणी घेतात. पाच ते सात. मी फॉर्म आणते."

लातुरात एखाद्या घरावर शिकवणीची पाटी दिसली नाही तर समजावं, रंगकामासाठी काढून ठेवली असेल.

मी म्हणालो, "मी काय मेलो का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सून मला मामा म्हणते, आमच्याकडं सासऱ्याला तसंच म्हणतात. ती आदरानं म्हणाली, "तसं नाही मामा. पण तुमची शाळा किती झाली?"

"दुसरी."

"आणि ही तिसरीत आहे."

"मंग? पाया दुसरीतच असतोय."

मुलानं तोंडात घास घातला. त्याला दोन्हीकडून बोलायचं नसलं की तो घास घालतो. शेवटी ठरलं ते असं : सहामाहीपर्यंत मी शिकवायचं. सहामाहीच्या पेपरात लेखन सुधारलं तर पुढंही मीच. नाहीतर लगेच शिकवणी, पाच ते सात. नात साडेचारला घरी येते, सातला तिची आई. म्हणजे शिकवणी लागली की माझे दोन तास गेले, आणि मी पुन्हा टाकीची वाट बघत बसणार. हे मी कुणाला बोललो नाही. "पोरीचं नुकसान नको," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बसलो. पहिली दहा मिनिटं पेन्सिलीला टोक करण्यात गेली. टोक झालं की ते मोडायचं, मग परत. मी म्हणालो, "पेन्सिल संपंस्तोर टोकच करणार का?"

"आबा, टोक चांगलं असलं की अक्षर चांगलं येतं."

"कोण म्हणलं?"

"मीच."

मी पेन्सिल काढून घेतली. दुरेघी वही होती, वरची रेघ छापलेलीच. मी त्या रेघेवरून पेन्सिल ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न उचलता. "आधी रेघ," म्हणालो, "मग अक्षर. रेघेला एकेक लटकवत जायचं."

"बाई म्हणतात रेघ शेवटी द्यायची. शब्द झाल्यावर."

"बाई लहान आहे."

"मोठी आहे. तिला स्कूटी आहे."

मी तिला सरकीचं सांगितलं. सरकी लावताना आधी दोरी धरतात, मग दोरीवरून टोबत जातात. आधी सरकी टाकून मग दोरी धरणारा माणूस मी तरी पाहिला नाही. तिनं विचारलं, टोबणं म्हणजे काय. मी पेन्सिलीनं वहीला भोक पाडून दाखवलं. ते तिला पटलं. पुढची चार भोकं तिनं स्वतः पाडली.

आमच्या गुरुजींनी मला असंच शिकवलं होतं. पाटीवर खिळ्यानं रेघ मारून द्यायचे आणि म्हणायचे, रेघ हलली तर हात हलवीन. गुरुजींचा हात हललेला मी दोनदा पाहिला. त्यानंतर माझी रेघ हलली नाही.

अडचणी आल्याच. तिनं विचारलं, "आबा, 'पाणी'ला कोणती वेलांटी?"

"जी जवळ असंल ती."

"आबा!"

"आमच्या टायमाला एकच होती. तेवढ्यात गाव चाललं."

ती पुस्तकात बघून यायची आणि दुसरी द्यायची. मी म्हणायचो, बरोबर. मग विरामचिन्हं आली. बाईंनी सांगितलं होतं म्हणे, वाक्य संपलं की पूर्णविराम. वाक्य कुठं संपतं ते मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. पत्र सांगणाऱ्या बायका न थांबता सांगायच्या आणि मी न थांबता लिहायचो. पण नातीपुढं तसं कसं म्हणणार?

"दम लागंल तिथं टिंब द्यायचं," मी म्हणालो.

तिनं पूर्ण धडा एका दमात वाचला. "मला दम लागतच न्हाई."

"मंग नको देऊ."

दोन आठवड्यांत वहीचं पान असं दिसायला लागलं, जसं चौकटीला तोरण बांधलंय. सगळी अक्षरं एका उंचीची, एका रेघेत. सून एकदा मागून बघून गेली आणि म्हणाली, "सरळ आलंय की." मी मान वर केली नाही. तारीफ करणाऱ्याकडं बघू नये, तो मग थांबतो.

आणि मग दुसरा शेरा आला. शब्दांमध्ये अंतर नाही. वाचता येत नाही. पालकांनी भेटावे.

सूनबाईला रजा नव्हती, मुलाला असून नव्हती. "मी जातो," म्हणालो. "मी शिकवून राहिलो, तर जाब मीच द्यायचा." जाब द्यायचा म्हणालो, पण मनात विचारायचा होता. धोतर कडक इस्त्रीचं घातलं, ऑटो केला.

मधली सुट्टी होती. बाई म्हणजे वीसबावीसची पोरगी. बोलण्यावरून भोकरकडची वाटली, आमच्यासारखीच 'हो'ला 'हाव' म्हणणारी. तिनं मला बसायला खुर्ची दिली. वर्गात खुर्च्या लेकरांच्याच होत्या. मी बसलो. बसल्यावर कळलं की आता कुणी हात दिल्याशिवाय उठता येणार नाही. म्हणजे रागानं उठून जायचा जो माझा विचार होता, तो तिथंच संपला.

मी सुरुवात केली. "बाई, अक्षर बघा. एक तरी अक्षर रेघेच्या खाली-वर हाय का?"

"नाही आबा. अक्षर छानच आहे. पण वाचता येत नाही."

"कुणाला?"

"कुणालाच."

मी वही घेतली आणि पहिलं पान खडाखडा वाचून दाखवलं. कुठं अडखळलो नाही. बाई म्हणाली, "हे तुम्ही सांगितलेलं असेल."

"हाव."

तिनं पान उलटलं. "हे तिनं वर्गात लिहिलंय, तिच्या मनानं. हे वाचा."

मी चष्मा नीट केला. 'सकाळी' वाचलं. पुढं 'आईड' होतं. आईड म्हणजे काय ते मला कळेना. आईडबा. आईडबाकर. मी मागं आलो, परत 'सकाळी' वाचलं. सगळी ओळ एकसारखी होती. मुंग्यांची रांग बघितल्यावर एक मुंगी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते लांबून कळत नाही, तसं झालं. खिडकीत चारपाच लेकरं जमली होती. त्यातलं एक म्हणालं, "बाई, त्यांना पण येत न्हाई!"

दारातून नात म्हणाली, "येतं त्यांना. त्यांचा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा माझ्या नाकावर होता. सगळ्यांना दिसत होता. तिनं एवढ्या ठसक्यात सांगितलं की लेकरं गप झाली.

बाईंनी लेकरांना पळवून लावलं. मग माझ्याजवळ दुसरी लहान खुर्ची ओढून बसली. तिला मात्र उठता येत होतं. "आबा, तुमचे गुरुजी लई म्हातारे होते का?"

"पिकलेले होते."

"मग ते मोडी लिहिणारे असतील. मोडीत आधी आख्खी रेघ ओढायचे, शब्द तोडायचे नाहीत. टिंबं नाहीत, स्वल्पविराम नाहीत. वेलांटीसुद्धा एकच. त्यांनी तुम्हाला अक्षरं आजची शिकवली आणि रीत मोडीची. तुमचं चूक नाही. पण आता तसं लिहीत नाहीत."

"माझी पत्रं पोचायची," मी म्हणालो.

"पोचत असतील."

त्यावर मला अजून बरंच बोलायचं होतं. पण बोलता बोलता आठवलं की माझी बहुतेक पत्रं देवणीकडं जायची, कारण आमच्या गावाच्या पाच लेकी तिकडं एकाच गावात दिलेल्या. त्या पाचजणींना पत्रं वाचून दाखवणारा माणूस तिथं घरजावई गेलेला होता. तो माझ्याच वर्गातला, माझ्याच बाकावरचा. त्याला त्याच गुरुजींनी शिकवलं होतं. पाकिटावरचा पत्ता मला कधी घालावा लागला नाही. पोस्टमास्तर म्हणायचा, "एवढं लिहून तुमचा हात दुखला असंल, पत्ता मी घालतो." मी समजायचो, माणूस मनमिळाऊ आहे.

हे मी बाईंना सांगितलं नाही. "हात द्या," म्हणालो. तिनं हात दिला, मी उठलो.

साडेचारला नात आली. दप्तर ठेवलं, वही काढली, पेन्सिल घेतली आणि छापल्या रेघेवरून ओढायला लागली. मी म्हणालो, "आजपासून रेघ शेवटी."

"मला माहितीये. बाई तसंच शिकवतात."

"मंग सांगायचं न्हाई?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"जोरात सांगायचं."

"तुम्हाला राग येतो."

"मला राग येत न्हाई," मी रागानं म्हणालो. मग विचारलं, "चष्मा घरी राहिला असं का सांगितलं?"

तिनं खोडरबर फिरवलं. "मग काय सांगायचं?"

मी वही सरळ करून तिच्यापुढं ठेवली.

सहामाहीला तीन आठवडे राहिले होते. डोक्यानं समजलं तरी हात ऐकत नव्हता. तिचा हात आपोआप रेघ ओढायचा, तीही या टोकापासून त्या टोकापर्यंत. शिकवण्यात मी कमी पडलो नव्हतो हे त्यातून दिसत होतं, पण ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं, आख्खं गाव एका पत्र्याखाली बसवायचं नाही. प्रत्येक घराला आपला पत्रा, आणि दोन घरांच्या मधी बोळ. तिनं विचारलं, बोळ किती रुंद. मी म्हणालो, बोटाएवढा. पण तिचं बोट कधी आडवं पडायचं, कधी उभं. तेव्हा मी स्वयंपाकघरातून मूठभर तुरीची डाळ आणली. एक शब्द लिहायचा, रेघ द्यायची, पुढं डाळीचा एक दाणा ठेवायचा, दाण्यापलीकडं पुढचा शब्द. ओळ झाली की दाणे उचलून वाटीत.

हे तिला फार आवडलं. ती शब्द भराभर लिहायला लागली, कारण दाणा ठेवायला मिळायचा. आठ दिवसांत बोळ पडले. पंधरा दिवसांनी मी दाणे बंद केले, तरी बोळ राहिले.

सूनबाईला दप्तरात डाळ सापडली. "मामा, हे काय?"

"अंतर आहे ते."

तिनं वाटी माझ्यापुढं ठेवली. "शिजवायच्या डाळीतून अंतर काढू नका. निवडून ठेवलेली आहे ती डब्यातली, मी वेगळी देते." आणि खरंच एका डबीत वेगळी डाळ दिली. तिला वाईट म्हणायला जागा ठेवत नाही ती, ही तिची एक खोड आहे.

दुपारी कुणी नसताना मी स्वतः एक कागद घेऊन बसलो. आधी अक्षरं, मग रेघ. अक्षरं वरखाली उड्या मारायला लागली. अर्धं पान झालं आणि मी कागद फाडून टाकला. ज्या हातानं पन्नास वर्षं सरळ लिहिलं, त्याला म्हातारपणी बालवाडीत बसवायचा नाही, असं ठरवलं. ते ठरवणं सोपं होतं, कारण दुसरं काही जमत नव्हतं.

राहिली विरामचिन्हं. ती मी रोज उद्यावर ढकलली. नातीनं विचारलं की म्हणायचो, "आधी बोळ पक्के होऊ दे." बोळ पक्के झाल्यावर म्हणायला लागलो, "पाठांतर कर." विचारायला घरातच सून होती, मुलगा होता. मी विचारलं नाही.

पेपर दिवाळीनंतर मिळाले. संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले. सुनेनं मराठीचा पेपर उघडला. पहिल्या पानावर लिहिलं होतं : अक्षर वळणदार, सुवाच्य. माझ्या छातीत जरा हवा भरली. मग तिनं पान उलटलं. उतारा आणि पत्रलेखन. शब्द सगळे सुटे, प्रत्येकाला आपला पत्रा. पण दोन्ही पानांवर एकसुद्धा टिंब नव्हतं, ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह. जिथं जिथं ते असायला हवं होतं तिथं बाईंनी लाल गोल केला होता. पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

सून उठली आणि कपाटातून फॉर्म घेऊन आली. तो तिनं श्रावणातच आणून ठेवला असणार, घडी जुनी होती. मुलानं घास घातला.

"पाच ते सात," सून म्हणाली. "परवापासून. मामा, राग मानू नका. अक्षर सुधारलं, मी नाही म्हणत नाही. पण हे असं चालत नाही."

मला बोलायला बरंच होतं. पेपर अवघड होता, असं म्हणता आलं असतं. बाई लहान आहे, हेही होतंच. नाहीतर गप बसलो असतो, तरी दोष शिकवणीच्या फॅडला देऊन वर्षभर कुरकुरता आलं असतं. मी यातलं एक निवडतच होतो, तेवढ्यात नात म्हणाली, "आबांनी शिकवलं होतं. मीच विसरले."

सून तिच्यावर घसरली. "सगळीच्या सगळी विसरलीस? एक पण आठवलं नाही? लक्ष कुठं असतं तुझं?"

नात खाली बघत होती. डोळ्यात पाणी आणायची तयारी चालली होती, ते मला दिसत होतं. वर्गाच्या दारात ती माझ्यासाठी एकदा बोलली, तेव्हा तिला काही भरावं लागलं नव्हतं. आज बोलणी खाऊन राहिली.

"ती खोटं बोलते," मी म्हणालो.

"काय?"

"मी शिकवलंच न्हाई तिला. टिंबं, ते बाकीचं. मला येत न्हाई ते."

सूनबाईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय येत नाही?"

"कुठं द्यायची ते. मी जल्मात दिली न्हाईत. तिला बोलू नको. फॉर्म भर."

मुलाचा घास संपला होता आणि दुसरा ताटात नव्हता. तो मला दादा म्हणतो. म्हणाला, "दादा, तुम्ही तर गावाची पत्रं..."

"तू जेव," मी म्हणालो.

सून फॉर्म हातात धरून उभी होती. पेपर परत उघडून तिनं पहिलं पान बघितलं, मग आतलं. कॉलेजात अर्ज तपासते तसं.

"असं अक्षर त्या मॅडमकडं एकाचंही नाही," ती म्हणाली. "त्यांच्याकडं अक्षर शिकवतच नाहीत. प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात." तिनं फॉर्मची जुनी घडी परत घातली. "अक्षर तुम्ही घ्या मामा, रोजच्यासारखं. विरामचिन्हं मी घेते, रविवारी सकाळी. तुम्ही पण बसा हवं तर."

"मला कशाला?" मी म्हणालो. "मला काय परीक्षा हाय?"

तिनं फॉर्म परत कपाटात ठेवला.

रविवारी सकाळी दोघी टेबलाशी बसल्या. मी गॅलरीत खुर्ची टाकून रोजचा पेपर उघडला. गॅलरीचं दार उघडंच होतं, हवेसाठी. सून सावकाश सांगायला लागली. "लिही. आई म्हणाली, स्वल्पविराम. का द्यायचा? पुढं आई काय म्हणाली ते येतंय, म्हणून जरा थांबायचं. थांबायचं, पण संपलेलं नाही." मी पेपर वाचत होतो. तेच पान वाचत होतो. ती पुढं म्हणाली, "पूर्णविराम दम लागल्यावर द्यायचा नाही. सांगायचं ते सांगून झालं की द्यायचा." नातीनं तिला ते सांगितलेलं दिसत होतं.

मग सूनबाईचा आवाज चढत गेला. प्रश्नचिन्हापर्यंत तो इतका चढला की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून इकडं बघायला लागली.

मी पेपर खाली केला आणि आत बघून म्हणालो, "एवढं वरडायला काय झालं? मला ऐकू येतंय."